सोमवारचं डोकं

"ताई, झोप लागली का?"

"लागली होती. तू उठवलंस."

काचेपलीकडे गणितवाली हसली असावी, कारण बोलायचं बटण सोडायला तिला जरा उशीर झाला. ताईंना ती दिसत नव्हती. कानात बोळे, बोळ्यांवर जाड हेडफोन, डोक्याभोवती प्लास्टिकचा पिंजरा, दोन्ही कानशिलांशी फोमचे तुकडे ठासून बसवलेले. उजव्या हातात रबरी फुगा. जीव घाबरला तर दाबायचा. नऊ वर्षांत ताईंनी तो एकदाच दाबला होता, शिंक येत होती म्हणून.

"शेवटची दोन मिनिटं. हलू नका हं."

"हे तू मला सांगतेस?"

बावीस वर्षं ताई स्वतः लोकांना हेच सांगत आल्या होत्या. हॉस्पिटलच्या तळघरातलं एमआरआयचं मशीन त्यांच्या हाताखाली तीनदा बदललं, पण "हलू नका" म्हणणारा आवाज तोच राहिला. त्या आवाजाने पैलवान गप्प पडत, लहान मुलं डोळे मिटत. एकदा एक न्यायाधीश आत रडले होते. ताईंनी त्यांना पुसायला कापूस दिला आणि बाहेर आल्यावर त्यांच्या बायकोला सांगितलं, "साहेबांच्या डोळ्यात मशीनचा वारा गेला." मशीनमध्ये वारा असतोच थोडा, तेवढं खोटं चालतं.

सोमवारी सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी मशीनची परीक्षा असे. आधी बाटली, मग डोकं. बाटली म्हणजे नारळाएवढा प्लास्टिकचा गोळा, आत ठरलेल्या मापाचं पाणी आणि जेली. त्या गोळ्याचे आकडे दर आठवड्याला तेच यायला हवेत. आले की ताई वहीत लिहीत, "बाटली ठीक." मग जिवंत डोकं. आणि जिवंत डोकं नऊ वर्षं एकच होतं.

सुरुवात अशीच गमतीत झाली होती. डॉक्टर तेव्हा नुकते परदेशातून शिकून आले होते. त्याआधी शिकाऊ असताना ते याच तळघरात होते, आणि पेशंटचं डोकं हलू नये म्हणून फोम कसा बसवायचा हे त्यांना ताईंनीच शिकवलं होतं. परत आल्यावर ते नवीन खूळ घेऊन आले. ताईंना ते खूळ पहिल्या दिवशी कळलं, कारण त्यांनी ते आपल्या भाषेत करून घेतलं. साधा एमआरआय म्हणजे कपाळाला हात लावून "अंग गरम आहे" म्हणणं. डॉक्टरांना थर्मामीटर लावायचा होता. मेंदूच्या प्रत्येक ठिपक्याला आकडा. इथल्या पेशी चुंबकाने हलवल्यावर किती वेळात शांत होतात, इथलं पाणी किती लांब पसरतं, सगळं मोजून. आकडे मिळवायला पूर्वी तासभर लागे, आणि तासभर पडून राहतो तो माणूस बहुतेक निरोगीच असतो. डॉक्टरांनी ते सहा मिनिटांत बसवलं. सहा मिनिटं कंपवातवालाही निभावतो, चार वर्षांचं पोरही निभावतं.

पण मापायला आधी एक चांगलं, ठणठणीत डोकं हवं. "ताई, तुमचं घेऊ का?" डॉक्टरांनी विचारलं होतं, आणि ताई म्हणाल्या होत्या, "घ्या की. तसंही घरी कोणी वापरू देत नाही."

तेव्हापासून त्या क्रमांक एक. बाहेरच्या भिंतीवर मोठं रंगीत चित्र होतं, निळ्या-हिरव्या-लाल दोऱ्यांचा गुंता, खाली लिहिलेलं: 'निरोगी प्रौढ मेंदू, क्रमांक १'. नातेवाईक बाकावर बसून त्या चित्राकडे बघत. ताई तिथून जाताना कधीकधी पदराने त्याची काच पुसत. पुढे मशीनजवळ पदर सांभाळावा लागतो म्हणून त्या पंजाबी ड्रेसवर आल्या, तेव्हा ओढणीने पुसायला लागल्या.

मशीन थांबलं. बाक बाहेर सरकला. गणितवालीने येऊन पिंजरा उघडला. तिशीची, सडपातळ, डोळ्यांवर चष्मा, केसांत सदा पेन खोचलेलं. दोन वर्षांपूर्वी आकडेमोडीसाठी आली होती. नाव सगळ्यांना माहीत होतं, पण तळघरात ती गणितवालीच.

"सावकाश उतरा. ती पायरी."

"आहे लक्षात."

पायरी लक्षात ठेवावी लागत होती हे ताईंनाच अलीकडे जाणवायला लागलं होतं. बावीस वर्षं पाय आपले आपण उतरत होते. आता त्यांना सूचना द्याव्या लागत. चावी हातात धरून त्या चावी शोधत. परवा नवऱ्याला 'चाळणी' आण म्हणायचं होतं, तर तो शब्दच सापडेना. "अहो ते, भोकांचं" म्हटल्यावर त्याने मोजा आणून दिला होता.

"एकदा डॉक्टरला दाखव," तो म्हणाला होता.

"दर सोमवारी दाखवते. अख्ख्या गावात माझ्याइतकं तपासलेलं डोकं कुणाचं नसेल."

यावर तो दर वेळी पेपर उघडून बसे. बोलणार काय? खरंच होतं ते. दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलात सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी होती, रक्त, दाब, साखर. ताई गेल्या नव्हत्या. रांग मोठी होती, आणि ज्याचं डोकं दर आठवड्याला आतून बघितलं जातं त्याने दंडाला पट्टा कशाला बांधून घ्यायचा?

"ताई, दहा मिनिटं आहेत?" गणितवालीने विचारलं. "शुक्रवारी बाहेरच्या लोकांसमोर बोलायचंय मला. एकदा तुमच्यासमोर म्हणून बघू? तुम्हाला कळलं तर सगळ्यांना कळेल."

"म्हणजे सगळ्यांत ढ मी."

"नाही हो! सगळ्यांत खडूस."

ताईंनी खुर्ची ओढली. पहिला पेशंट यायला वेळ होता. गणितवालीने पडद्यावर एकेक चित्र लावायला सुरुवात केली आणि हात पुढे बांधून, शाळेतल्या वक्तृत्वासारखी बोलायला लागली. ताईंनी दोनदा टोकलं. एकदा "जरा हळू", एकदा "केसातलं पेन काढ."

मग एक आलेख आला. टिंबांची रांग, डावीकडून उजवीकडे, हळूहळू वर चढत गेलेली.

"ही आपल्या पद्धतीची खरी कमाल," गणितवाली म्हणाली. "स्वयंसेवक क्रमांक चाळीस. स्त्री, पन्नाशीतली. साडेतीन वर्षं, दर आठवड्याला एक मोजणी. कपाळामागच्या भागातले जे मज्जातंतूंचे जुडगे आहेत, तिथलं पाणी किती पसरतं ते हे टिंब. सुरुवातीला शून्य पॉइंट सात. आता जवळजवळ शून्य पॉइंट नऊ. वर्षातून एकदा मोजलं असतं तर चारच टिंबं मिळाली असती आणि आपण म्हटलं असतं, मोजण्यातली चूक. इथे बघा, चढ किती स्पष्ट दिसतोय. म्हणजे बाईंना स्वतःला काही जाणवायच्या आधी—"

"पाणी जास्त पसरतं म्हणजे वाईट ना?"

"जुडगे म्हणजे बोळ समजा. पाणी बोळातून सरळ धावतं, भिंतीतून जात नाही. भिंती झिजल्या की इकडेतिकडे पसरतं."

"कोण आहे ही बाई?"

"मला कुठे माहीत असतं, ताई! डॉक्टर मला क्रमांक आणि आकडे देतात. दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलातली असणार."

"असणार," ताई म्हणाल्या. या तळघरात दर आठवड्याला कोणी बाई येत नव्हती. येत असती तर तिला फोम त्यांनीच बसवला असता. "पण किती इमानी आहे गं. साडेतीन वर्षं दर आठवड्याला."

"अगदी. तीनदाच खंड पडलाय." गणितवालीने बोट ठेवलं. "इथे पाच आठवडे नाहीत. इथे दोन. आणि हा मोठा, सात."

ताई बघत राहिल्या.

पाच. नंतर जवळजवळ वर्षभराने दोन. नंतर सात.

मुलीच्या बाळंतपणाला त्या पाच आठवडे रजेवर होत्या. आई गेली तेव्हा दोन. आणि गेल्या वर्षी हॉस्पिटलच्याच जिन्याची शेवटची पायरी चुकली, घोटा मोडला, तेव्हा सात आठवडे पाय प्लास्टरमध्ये.

"त्या डोक्याचं चित्र आहे तुझ्याकडे?"

"आहे की. का?"

"दाखव."

गणितवालीने चित्र उघडलं. करड्या रंगाचा आडवा काप. तळघरातल्या माणसाला दुसऱ्याचं डोकं चेहऱ्यासारखं ओळखता येतं, फक्त तसं बोलायची पद्धत नाही. डाव्या बाजूला, पोकळीच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा पाण्याचा थेंब होता. जन्मापासूनचा, निरुपद्रवी. नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा दिसला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "काही नाही ताई, ही तुमची आतली टिकली."

"ताई? काय झालं? चुकलं का माझं काही?"

"नाही. छान बोलतेस." ताई उठल्या. खुर्चीची पाठ धरून उठल्या. "फक्त 'बाईंना जाणवायच्या आधी' म्हणताना जरा थांबत जा. तिथे लोक ऐकतील."

*

डॉक्टरांची खोली दुसऱ्या मजल्यावर. ताई कठडा धरून चढल्या. डॉक्टर खिडकीशी उभे राहून फोनवर बोलत होते. ताईंना बघून त्यांनी नेहमीसारखे दोन्ही हात हवेत उडवले, 'आलोच'. चाळिशी ओलांडली तरी हसले की शिकाऊ दिसत. फोन ठेवून म्हणाले, "काय म्हणतंय डोकं? आहे ना जागेवर?"

ही त्यांची सोमवारची थट्टा. नऊ वर्षं दर सोमवारी.

"क्रमांक चाळीस कोण आहे, डॉक्टर?"

डॉक्टरांचा हात टेबलावरच्या कागदांकडे गेला आणि तिथेच राहिला. ताईंना वाटलं होतं, ते म्हणतील, कोण चाळीस? मग आपण पुढचं बोलू. पण त्यांनी विचारलंच नाही, आणि ताईंना उत्तर मिळालं.

"बसा, ताई."

"मी सकाळपासून आडवीच होते. उभी बरी आहे."

"मी सांगणार होतो."

"कधी?"

डॉक्टर खुर्चीत बसले. चष्मा काढला. "आधी वाटलं मशीन बिघडलंय. तुमचे आकडे सरकायला लागले, मी मशीनवाल्याला दोनदा बोलावलं. आठवतंय ना? त्याने सगळं तपासलं. मग मी तुमची वही बघितली."

'बाटली ठीक.' दर सोमवारी, ताईंच्याच अक्षरात. बाटली जागच्या जागी होती, म्हणजे मशीन खरं बोलत होतं. म्हणजे डोकं सरकत होतं. ताईंना त्या वहीचा किती अभिमान होता! एकही सोमवार गाळलेला नाही, एकही शब्द खोडलेला नाही.

"मग तुम्ही मला निरोगी माणसांतून काढलंत."

"काढावं लागलं. आकडे बसत नव्हते."

"आणि क्रमांक बदललात."

"हो."

"भिंतीवरचं चित्र तसंच ठेवलंत."

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला.

"काढल्यावर झोपवायचं तरी कशाला दर सोमवारी? दुसरं कुणी बघायचं." ताईंचा आवाज चढला नव्हता. 'हलू नका' म्हणायचाच आवाज होता तो. "मी सांगते कशाला. बिघडत जाणारं डोकं दर आठवड्याला आपल्या पायाने चालत येतंय, चहाही स्वतःच्या हाताने करून देतंय. असं कुठे मिळतं?"

"ताई, हे आकडे म्हणजे निदान नव्हे. पद्धतच अजून सिद्ध होतेय. अशा आकड्यावरून पेशंटला काही सांगायचं नसतं, तसा नियमच—"

"मी पेशंट नव्हते."

"स्वयंसेवकालाही नाही सांगत. तुम्हाला माहितेय. फॉर्मवर टिक तुम्हीच केली होती."

हे म्हणताना त्यांनी खिडकीकडे बघितलं, ताईंकडे नाही.

टिक ताईंनीच केली होती. नऊ वर्षांत नऊ फॉर्म. तिसऱ्या पानावर दोन चौकोन असत: 'तपासणीत काही वेगळे आढळल्यास मला कळवावे' आणि 'कळवू नये'. वरच्या चौकोनात टिक केली की ते चित्र वाचायला वरच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जाई, तिथे कुणीतरी सही करेपर्यंत दहा दिवस सगळं अडकून पडे. पहिल्या वर्षी डॉक्टरांना घाई होती. ताईंनी खालच्या चौकोनात टिक केली आणि पुढे प्रत्येक स्वयंसेवकाला बोट ठेवून तेच सांगितलं, "इथे खाली करा, लवकर मोकळे व्हाल." लोक करत. ताई सांगतात म्हणजे बरोबरच असणार.

"टिक कागदावर केली होती मी," ताई म्हणाल्या. "आपण दोघं रोज चार वाजता समोरासमोर बसून चहा पितो, तिथे कुठला कागद होता? घोटा मोडला तेव्हा घरी आलात. प्लास्टरवर सही केलीत, माझ्या नातीला खांद्यावर घेतलंत. आणि निघताना काय म्हणालात? 'ताई, पायऱ्या बघून उतरत जा.'"

"मला... वाईट वाटलं होतं खरंच."

"वाटलं असेल. तुम्हाला माहीत होतं ना, मी का पडले ते."

खाली आवारात कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि दुसरं कुणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होतं.

"दर सोमवारी ठरवायचो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "पुढच्या सोमवारी सांगू. आणखी एक आकडा येऊ दे, मग नक्की सांगता येईल."

"आणि तो आकडा यायचा."

"हो."

"एकशे सत्तरेक टिंबं झाली," ताई म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. "मोजली नाहीत मी. अंदाजे सांगतेय."

*

खाली बाह्यरुग्ण विभागात ताईंची मैत्रीण नर्स होती. तिने पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा बांधला.

"कधीपासून आहे गं एवढा दाब? वरचा एकशे ब्याऐंशी, खालचा एकशे चार! चालतेयस कशी तू?"

"बघून बघून."

नर्सने हाताला धरूनच त्यांना मेडिसीनच्या मोठ्या बाईंकडे नेलं. बाईंनी प्रश्न विचारले, पाय तपासले, गोळ्या लिहून दिल्या. बारीक रक्तवाहिन्यांवर वर्षानुवर्षं दाब पडला की असं होतं, म्हणाल्या. झिजलं ते भरून येणार नाही, पण गोळ्या नेमाने घेतल्या तर आहे ते बरंच टिकेल.

"तीन वर्षांपूर्वी घ्यायला लागले असते तर?" ताईंनी विचारलं.

मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "तर जास्त टिकलं असतं," त्या म्हणाल्या.

घरी नवरा आरामखुर्चीत पेपरातलं शब्दकोडं सोडवत होता. पाणीपुरवठ्यात तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवून निवृत्त झालेला माणूस. शब्दांतसुद्धा गळती शोधायचा. ताईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सांगताना 'रक्तवाहिन्या' हा शब्द आठवला नाही, तर त्या हाताने दाखवायला लागल्या.

"पाइप," तो म्हणाला.

"हो. बारीक पाइप."

"प्रेशर जास्त ठेवलं की बारीक पाइप आधी जातात. आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो हे." त्याने पेपर घडी करून बाजूला ठेवला, मग पुन्हा उघडला, पुन्हा घडी केली. "मोठा शिकलेला माणूस तो. व्हॉल्व्ह कुठे आहे ते माहीत होतं, आणि उभा राहून मीटर वाचत बसला."

"अहो, मीही..." ताई बसल्या. "मीही तुम्हाला सांगत राहिले ना. दर सोमवारी बघतात म्हणून."

"तू विश्वास ठेवलास. त्यात तुझं काय चुकलं?"

"मी त्या सगळ्यांनाही तेच सांगितलं. 'खाली टिक करा.'"

तो उठला, स्वयंपाकघरात गेला, पेलाभर पाणी आणि गोळी घेऊन आला. "ही आत्ताची. आणि यापुढे माझ्यासमोर घ्यायची. तुझ्या डॉक्टरसमोर नाही."

"माझा डॉक्टर," ताई म्हणाल्या, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांचे डोळे भरले. त्यांनीच तर शिकवलं होतं त्याला फोम बसवायला. 'कानशिलाला लागू द्यायचा नाही, पण सैलही ठेवायचा नाही. माणसाला वाटलं पाहिजे, कुणीतरी धरलंय.'

*

मंगळवारी ताईंनी कपाटातून फॉर्म काढले. त्यांच्याशिवाय अडतीस स्वयंसेवक, त्यांतल्या छत्तीस जणांनी खाली टिक केली होती. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. "नमस्कार, तुम्ही मागे आमच्याकडे डोकं दिलं होतं. नाही नाही, घाबरू नका. मी तेव्हा तुम्हाला एक चौकोन दाखवला होता, तो पुन्हा विचारायचाय." कुणाला आठवत होतं, कुणाला नव्हतं. एक बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगाल तिथे टिक मारा ना." ताई म्हणाल्या, "आता मी काही सांगणार नाही. तुम्ही सांगा." दुपारी चारचा चहा त्यांनी त्या आठवड्यात नर्सबरोबर घेतला.

गणितवालीला सगळं बुधवारी कळलं. ती खाली आली तेव्हा तिचं नाक लाल होतं. "ताई, मी तो आलेख काढून टाकते. शपथ, मला माहीत नव्हतं."

"रडू नकोस, चष्म्यावर डाग पडतात. आलेख ठेव. चांगला आहे, खरा आहे, सगळी टिंबं मी झोपून दिलीयत." ताईंनी तिच्या केसातलं पेन काढून तिच्या हातात दिलं. "फक्त चाळीस खोड. तिथे एक लिही."

शुक्रवारी गणितवाली बोलली. ताई गेल्या नाहीत. नंतर कुणीतरी सांगितलं, की पोरगी मध्येच एका वाक्यावर थांबली होती, आणि सभागृहात अगदी शांत झालं होतं.

पुढच्या सोमवारी ताई नेहमीच्या वेळेला आल्या. गोळा मशीनमध्ये ठेवला. आकडे आले. वहीत लिहिलं, "बाटली ठीक."

दारात डॉक्टर उभे होते. त्यांच्या गालांवर दोन दिवसांची दाढी आली होती आणि आजची थट्टा त्यांनी केली नाही.

"ताई, आज डोकं..."

"माझं येणार नाही. ते आता मेडिसीनच्या बाईंकडे असतं."

"नाही, ते बरोबरच आहे. मी म्हणत होतो, मशीनची परीक्षा..."

"बाटली झाली, डोकं राहिलंय. डोक्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही असा तुमचाच नियम आहे." ताईंनी बाकावरची चादर बदलली, कोपरे खाली दुमडले. "तुम्ही झोपा."

गणितवालीने काचेपलीकडून मान वर केली.

डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडे बघितलं. मग घड्याळ काढलं, खिशातल्या किल्ल्या काढल्या, पट्टा काढला, चष्मा काढून ताईंच्या हातात दिला. चष्म्याविना ते फार तरुण आणि थोडे हरवलेले दिसत होते. ताईंनी त्यांना फॉर्म दिला.

"हा मीच लिहिलाय, ताई."

"असू द्या. वाचून दाखवायचं असं मी ठरवलंय सगळ्यांना." त्यांनी तिसरं पान उघडलं आणि बोट न ठेवता, सपाट आवाजात वाचलं, "'तपासणीत काही वेगळे आढळल्यास मला कळवावे. कळवू नये.' पाहिजे तिथे टिक करा. सावकाश करा. पहिला पेशंट साडेनऊचा आहे."

त्या पाठ फिरवून पिंजरा पुसायला लागल्या. पेन कागदावर टेकल्याचा आवाज आला नाही. मग आला. छोटासा, एकच.

फॉर्म परत घेताना ताईंनी बघितलं. वरचा चौकोन.

त्यांनी फॉर्म वहीत ठेवला. डॉक्टरांना आडवं केलं, कानात बोळे घातले, हेडफोन चढवला. फोमचे तुकडे कानशिलांशी बसवले. लागू दिले नाहीत, सैलही ठेवले नाहीत. रबरी फुगा हातात दिला. पिंजरा खाली घेताना डॉक्टर म्हणाले, "ताई, मी—"

"बोलू नका. जबडा हलला की डोकं हलतं."

आत थंडी असते. बाकाच्या टोकाला डॉक्टरांचे मोज्यांतले पाय उघडे राहिले होते. एका मोज्याला अंगठ्यापाशी विरळ झालेला भाग होता, अजून भोक पडलं नव्हतं. ताईंनी पायांवर चादर ओढली, सगळ्यांच्या ओढतात तशी. मग कठडा धरून, पायरी बघून, त्या खाली उतरल्या. दार लावलं. गणितवालीशेजारी बसून बोलायचं बटण दाबलं.

"सहा मिनिटं. हलू नका."

मशीन टकटकलं, घरघरलं. पडद्यावर पहिला काप उमटायला लागला, वरून खाली, ओळीओळीने. गणितवालीने आपोआप नजर दुसरीकडे वळवली.

ताईंनी आपला चष्मा नाकावर नीट केला. कळवावे, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. ताई नीट बघत बसल्या.